पाणबुडीचं सर्व्हिस बुक

थूलबाबू खोटं बोलतात, हे मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. माझा स्वभावच तसा. दुधावर फेस जास्त दिसला तरी मी भांड्यात बोट घालून पाहतो, आणि कोणी विनाकारण गोड बोललं तर दोन दिवस त्यामागचं कारण शोधत बसतो. बायको म्हणायची, "तुमाले आरशातल्या माणसावरबी भरोसा नाई." खरं आहे. पण थूलबाबूंच्या बाबतीत मी जे केलं ते स्वभाव म्हणून सोडून देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

साल सत्तावन्न. आमचं ऑफिस हिंगणघाटला, कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या जुन्या गोदामात. खात्याचं नाव सांगत नाही. माझी पेन्शन अजून तिथूनच येते. गोदामाचा दरवाजा एवढा उंच, की कापसानं भरलेली बैलबंडी सरळ आत यावी. त्या दरवाजातून एक बुटका, सावळा माणूस काखेत छत्री धरून आत आला आणि येताना चौकटीखाली वाकला. डोक्यावर पाच हात मोकळी जागा होती, तरी वाकला. मग उभ्या उभ्या सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली, ओठ हलवले आणि म्हणाला, "सात."

"काय सात?" बडेबाबूंनी विचारलं. बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क.

"काई नाई जी. माणसं."

हा दौलत थूल. वडनेरचा. आमच्याकडे आस्थापनेच्या टेबलावर बदलून आला होता. मी आवक-जावक पाहायचो, म्हणजे आलेलं पत्र रजिस्टरात नोंदायचं, शिक्का मारायचा, जाणारं पत्र पाठवायचं. त्याचं टेबल माझ्या समोर. त्यामुळे पुढची अडीच वर्षं मी त्या माणसाकडे पाहत काढली, आणि पाहण्याशिवाय मला दुसरं येतं काय?

तेव्हा सगळ्यांचंच सगळ्यांकडे लक्ष असायचं. आदल्या वर्षी आमचा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. इकडचे कारकून आणि तिकडचे कारकून यांची एकच ज्येष्ठतेची यादी होणार, आणि यादी करून जो उरेल तो 'जादा'. जादा म्हणजे घरी, नाहीतर जंगलातली कुठली तरी कच्ची नोकरी. आमच्या ऑफिसात एक कारकून जादा होता हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो एकतर मी, नाहीतर थूलबाबू. मी खात्यात सत्तेचाळीसला लागलो, ते एकोणपन्नासला. म्हणजे मी वर. पण थूलबाबूंचं म्हणणं होतं की लढाईत त्यांनी चार वर्षं आरमारात नोकरी केली, आणि लढाईतली नोकरी धरायची असा सरकारचा नियम होता. ती धरली की ते वर आणि मी जादा. आता सांगा, मला त्या माणसाचा संशय येणार नाही तर कोणाचा येणार?

आणि तो येण्यासारखाच होता. दार लावताना आवाज होऊ द्यायचा नाही. खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची. नळ बंद केल्यावर पुन्हा एकदा पिळून पाहायचा. कोणी बाहेरून आलं की ओठ हलवून माणसं मोजायची, कोणी गेलं की पुन्हा मोजायची. मी एकदा खवळून विचारलं, "काऊन मोजता हो सारखे? आम्ही काय ढोरं आहो?"

"सवय हाय झाडेबाबू," ते म्हणाले. "खाली जाताना जेवढे होते, वर येताना तेवढेच पाह्यजे."

कुठल्या खाली, कुठल्या वर? हिंगणघाटात खाली जायला विहीर सोडून जागा नाही.

आरमाराची गोष्ट चहाच्या वेळी निघाली. काढली महादेवनं. महादेव आमचा म्हातारा चपराशी, केळझरकडचा, कान जरा जड.

"थूलबाबू, तुम्ही लढाईत होते म्हणतेत. कोण्या पलटनीत होते जी?"

"पलटनीत नाई. आरमारात. पाणबुडीवर."

महादेवचा हात बशीसकट थांबला. आमच्याकडे बुढी म्हणजे म्हातारी. "पाणबुढीवर?" तो म्हणाला. "आमच्या केळझरले आई सांगे, इहिरीत वाकू नोको, पाणबुढी वढन. थेच काय?"

सगळे हसले. थूलबाबू हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली, पेन्सिल घेतली आणि रद्दी कागदावर एक लांबट वांगं काढलं. "बुढी नाई, बुडी. बोट हाय थे. पाण्यात बुडी मारते. टाक्यायत पाणी घेतलं का खाली जाते, हवा भरली का वर येते."

"माणसं कुठं राह्यतेत?"

"पोटात."

महादेवनं त्या वांग्याकडे बराच वेळ पाहिलं. "बाप्पा, मंग थे बुढीच हाय," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून ऑफिसात तिचं नाव बुढीच पडलं.

मी वकिलासारखा पुढे सरसावलो. "एकूण किती वर्षं होते तुम्ही पाण्याखाली?"

"नऊ तास."

आता हसू आवरेना. चार वर्षांची नोकरी सांगणारा माणूस पाण्याखाली नऊ तास. पण त्यांनी जे होतं तेच सांगितलं. लंकेच्या बंदरात गोऱ्या लोकांच्या पाणबुड्या होत्या आणि त्यांना सामान पुरवणारी, दुरुस्त करणारी एक मोठी बोट होती. थूलबाबू तिला आईबोट म्हणायचे. त्या आईबोटीवर ते भांडारात कारकून. एक दिवस सामान मोजायला एका पाणबुडीत उतरले, मोजता मोजता वरचं झाकण लागलं आणि ती चाचणीला निघाली. बाहेर गेल्यावर कोणाचं तरी जहाज वरून चाललं होतं. आपलं की परक्याचं, कळेना. पंखे बंद, दिवे बारीक, सगळे जिथल्या तिथे. एकाच्या हातून चमचा पडणार होता तो दुसऱ्यानं पायावर झेलला.

"मंग?" महादेव.

"मंग काई नाई. वरून गेलं. आम्ही वर आलो. त्यायनं माणसं मोजली तं एक जादा निघाला." थूलबाबू पहिल्यांदा थोडे हसले. "थो मी."

माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस भरपूर सांगतो. हा माणूस कमी सांगत होता. म्हणून मला जास्त संशय आला. म्हटलं, हा पोचलेला आहे.

त्यांच्या तोंडी एक वाक्य होतं, ते त्या नऊ तासांतलं असावं. साहेब आतून ओरडायला लागले, बडेबाबूंची फाइल भिंतीवर आपटली, की थूलबाबू कागदावरून मान न उचलता हळूच म्हणत, "चुप राहा. वरून जाऊन राह्यलं." आणि खरंच, थोड्या वेळानं साहेब थकून चहा मागवत. हे वाक्य पुढे सगळ्या ऑफिसानं उचललं. मीसुद्धा. घरी बायको भडकली की मी ते मनात म्हणायचो.

हिवाळ्यात वणा नदीच्या काठी आमची गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पार्टी झाली. मी मुद्दाम सगळ्यांना पाण्यात उतरवलं. थूलबाबू धोतर आवरून काठावरच बसले.

"या ना आरमारवाले," मी म्हटलं.

"मले पोहता येत नाई."

मला तर खजिना सापडला. आरमारातला माणूस आणि पोहता येत नाही. मी सगळ्यांना दोन-दोनदा ऐकवलं. थूलबाबू रोडग्यावरची राख झटकत म्हणाले, "बोटीतल्या माणसाले पोहाची पाळी आली म्हणजे संपलंच नं, झाडेबाबू. मी तं भांडारात होतो." उत्तर बिनतोड होतं, पण मला ते ऐकायचं नव्हतं. सोमवारी मी बडेबाबूंच्या कानावर घातलं, की या माणसाच्या लढाईतल्या नोकरीची नीट चौकशी व्हायला पाहिजे.

चौकशी तशीही अडलीच होती. थूलबाबूंकडे कागद नव्हता. लढाई संपल्यावर ते मुंबईला होते. तिथे खलाशांनी संप केला, जेवण नाकारलं, त्यात हेही बसले. मग घरी जा म्हणून सांगितलं, रेल्वेचा पास दिला, नोकरीचा दाखला काही दिला नाही. तो मिळावा म्हणून त्यांचे अर्ज चालू होते. दर तीन महिन्यांनी एक. ते अर्ज जावक रजिस्टरात मीच नोंदायचो. उत्तर कधी येत नव्हतं, आणि आवक उघडताना मी रोज पाहायचो, आलं नाही ना.

त्यांच्या स्वतःच्या सर्व्हिस बुकात, म्हणजे सरकारी नोकरीच्या नोंदवहीत, त्या चार वर्षांची नोंद होती, पण समोर सहीचा रकाना कोरा. छप्पन्न साली त्यांनी धर्म बदलला. जातीचा जुना शब्द खोडून 'बौद्ध' लिहिलं होतं, तिथेही बडेबाबूंनी सही केली नव्हती. वरून हुकूम आल्यावर पाहू, असं. थूलबाबू म्हणायचे, "सही नाई म्हणजे घडलंच नाई. धरम बदलला थोबी नाई, आरमारात गेलतो थेबी नाई. मी वडनेरच्या बाहेर निघालोच नाई म्हणा ना." हे ते चिडून म्हणत नसत. मलाच उगाच चीड यायची. माझ्या संशयात त्यांच्या जातीचाही वाटा होता, हे आता कबूल करतो. तेव्हा केलं नसतं. तेव्हा मी स्वतःला मोठा सुधारलेला समजत होतो.

एकदा मी त्यांच्या घरी गेलो. निमित्त फाइलीचं, खरं म्हणजे घर पाहायचं होतं. लढाईवरून आलेल्या माणसाच्या घरी काहीतरी खूण असणार. बिल्ला, टोपी, फोटो. काही नव्हतं. शेणानं सारवलेली दोन खोल्यांची जागा, कपडे दोरीवर ओळीनं, आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. त्यांच्या मंडळी बोलक्या होत्या. म्हणाल्या, "थे घरी आले का आमाले मोजतेत. चौघं तं आहो आम्ही. मी म्हणतो, कुठं चाललो आम्ही? तरी मोजतेत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "झाडेबाबू, थो कागद आला का पोरीले वर्ध्याले मोठ्या शाळेत टाकाचं हाय. सातवीत पहिली आली. तुमच्याच टेबलावर येईन म्हणतेत थो."

"येईल, येईल," मी म्हटलं.

त्यांनी चहा आणला. मी म्हटलं, "आत्ताच घेतला." घेतला नव्हता. "बरं," म्हणून त्या कप आत घेऊन गेल्या. थूलबाबू तेव्हा दारात उभे होते.

आता थूलबाबूंच्या एका वहीची गोष्ट.

साहेबांच्या बंगल्यावर नागपूरचं इंग्रजी वर्तमानपत्र येई, ते एक दिवस शिळं. साहेबांचं वाचून झालं की रद्दीत ऑफिसात. थूलबाबू जेवणाच्या सुट्टीत ते वाचत आणि एका वहीत काहीतरी उतरवून घेत. मी ताडलं होतं, पण काय ते कळेना. ते कळलं एकोणसाठच्या पावसाळ्यात, यादीच्या आधी सर्व्हिस बुकं तपासायला साहेब स्वतः बसले तेव्हा. साहेब नवे होते, पुण्याकडचे, स्वच्छ बोलणारे आणि स्वच्छ रागावणारे. चपराशी वगैरे सगळे धरून ऑफिसात माणसं अकरा. बुकं निघाली बारा.

बारावं बुक साहेबांनी उघडलं. "ही कोण? नाव, पाणबुडी. कंसात अणु. ही बाई कुठल्या टेबलावर आहे?"

महादेव पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. तो म्हणाला, "बुढी हाय साहेब. पाण्यात राह्यते."

"पाण्यात?"

"हो जी. थूलबाबूची ओळखीची हाय."

मी खाली पाहिलं. बडेबाबूंनी खोकल्याचं सोंग केलं. साहेब मात्र वाचत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. अमेरिकेनं अणुशक्तीवर चालणारी, पोटात रॉकेटं घेऊन हिंडणारी पहिली पाणबुडी बांधायला घेतली होती, तिची ती सगळी हकीकत. पण लिहिली होती सरकारी सर्व्हिस बुकाच्या छापील फॉर्मवर, तारखेसकट, एखाद्या कारकुनाची लिहावी तशी. जन्मतारखेच्या रकान्यात पाण्यात सोडली तो दिवस. उंची : मोठी, पण आडवी. ओळखीच्या खुणा : पाठीवर झाकणांच्या दोन रांगा. रजा : अद्याप नाही. एक नोंद अशी होती की ती आधी वेगळ्या नावाची साधी पाणबुडी होणार होती, मग तिला मध्ये कापून रॉकेटांचं नवं पोट बसवलं आणि नाव बदललं. शेरा : नाव बदलल्याने सेवा खंडित समजू नये.

आणि प्रत्येक नोंदीला तीन तारखा. घडली, पोचली, नोंदली.

"तीन कशाला?" साहेबांनी विचारलं.

"गोष्ट घडते एका दिवशी साहेब, आपल्यापाशी पोचते दुसऱ्या दिवशी, न आपण लिहितो तिसऱ्याच दिवशी," थूलबाबू म्हणाले. "मंधात काय झालं, कोणापाशी पडून राह्यलं, हे मंग कोणालेच समजत नाई. माह्याच सर्व्हिसीचं तसं झालं. म्हून तिची बरोबर ठेवतो."

"पण का ठेवता? तुमचं काय नातं तिच्याशी?"

थूलबाबूंनी विचार केला. "थे कामाले लागली का तिची नोंद बंद होणार, साहेब. कुठं हाय हे सांगाचंच नाई, असं तिचं काम हाय. तोवरची तं लिहून ठेवू."

साहेबांना हसावं की मेमो द्यावा कळेना. त्यांनी मेमो दिला, सरकारी फॉर्मच्या गैरवापराबद्दल. आणि कोणीतरी पुढे काहीतरी बोललं असावं, कारण पंधरा दिवसांनी साध्या कपड्यातला एक माणूस चौकशीला आला. जवळच पुलगावला फौजेचा दारूगोळ्याचा डेपो, हा माणूस परदेशी लढाऊ बोटीची माहिती ठेवतो, कोणासाठी ठेवतो? त्यानं मला विचारलं, थूल कसा आहे. मी म्हणालो, "शांत आहे." आणि जरा थांबून म्हणालो, "फार शांत." दोन शब्द. पण ते कसे म्हणायचे हे मला चांगलं ठाऊक होतं.

चौकशीत निघालं काहीच नाही. वही परत मिळाली. थूलबाबूंनी तिच्यात एक ओळ वाढवली, ती मी चोरून वाचली : चौकशी झाली, निर्दोष.

डिसेंबरात हुकूम आला, की मंगळवारपर्यंत यादी नागपूरला पोचली पाहिजे. ज्यांच्या नोकरीचा पुरावा तोवर येणार नाही त्यांची ती नोकरी धरू नये. थूलबाबू त्या आठवड्यात रोज माझ्या टेबलापाशी येत, काही विचारत नसत, टपालाच्या गठ्ठ्याकडे पाहत आणि परत जात.

शनिवारी ते पाकीट आलं.

जाड, खाकी, वर नौदलाचा छाप, मुंबईचा शिक्का. साहेबांच्या नावानं. अर्ध्या दिवसाचं ऑफिस, थूलबाबू रजेवर, पोरीला ताप होता. मी पाकीट हातात घेतलं आणि माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? की हे खोटं आहे. दहा वर्षं उत्तर नाही आणि आत्ताच, बरोबर तीन दिवस आधी? नक्की कोणाकडून तरी लिहवून घेतलं असणार. मी पाकीट उजेडात धरलं, छाप घासून पाहिला. म्हटलं, खात्री झाल्याशिवाय नोंदणं बरं नाही. आणि ते माझ्या खणात, जावकच्या जुन्या रजिस्टराखाली ठेवलं. खात्री कशी करणार होतो, हे मी मला विचारलं नाही.

सोमवारी थूलबाबू आले. गठ्ठ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काही नाही."

"बरं," ते म्हणाले. अगदी त्यांच्या मंडळींसारखं.

मंगळवारी महादेव यादी घेऊन नागपूरच्या गाडीत बसला. बुधवारी मला जेवण गेलं नाही. गुरुवारी मी ते पाकीट नोंदलं, गुरुवारचा शिक्का मारला आणि साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी वाचलं. दौलत थूल, वडनेर, जिल्हा वर्धा, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाणबुड्यांच्या पुरवठा-जहाजावर भांडार कारकून, वर्तन चांगलं. एक अक्षर खोटं नव्हतं.

"आज आलं हे?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"दोन दिवस आधी आलं असतं तर." त्यांनी चष्मा काढला. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी नागपूरला तार केली, मागाहून पत्रही पाठवलं. उत्तर आलं, यादी अंतिम आहे, संबंधितानं अपील करावं. थूलबाबू जादा ठरले. त्यांना चांद्याकडच्या जंगलात लाकडाच्या डेपोवर मोजणीदार म्हणून कच्ची जागा मिळाली. मंडळी आणि पोरं वडनेरला गेली. पोरीच्या वर्ध्याच्या शाळेचं मग कोणी काढलं नाही.

पाकिटासकट ते पत्र त्यांच्या फाइलीला लावायला त्यांच्याच टेबलावर गेलं होतं. त्यांनी ते सुलट पाहिलं, उलट पाहिलं, टाचणी लावली आणि फाइल बंद केली, आवाज न करता. मला वाटलं, सुटलो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते जाम या फाट्याच्या गावी, मोटारस्टँडवर. मी डाक घेऊन नागपूरला निघालो होतो, ते चांद्याच्या गाडीची वाट पाहत होते. पायाशी पत्र्याची ट्रंक, काखेत तीच छत्री. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यांनी हाक मारली. "झाडेबाबू, या. चहा घ्या." त्यांनी दोन कप सांगितले. मी कप उचलला तेव्हा ते म्हणाले, "आज आधी घेतला नाई नं कुठं?"

तो चहा मी कसा प्यायलो ते माझं मला माहीत.

"बुढीचं काय?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"समुद्रात चाचणी चालू हाय म्हणतेत. आता लागनच कामाले. मंग तिचा पत्ता नाई." त्यांनी ट्रंक उघडली, वही काढली आणि माझ्यासमोर धरली. "हे तुमच्यापाशी ठेवा. जंगलात पेपर येत नाई. आवक-जावक तुमच्यापाशी हाय, नोंद करत जाजो."

अडीच वर्षांत ते मला कधी असं 'जाजो' म्हणाले नव्हते. धाकट्या भावाला सांगावं तसं.

गाडी आली. चढताना ते दरवाजात वाकले. आत उभं राहून त्यांनी बाकांवरून नजर फिरवली आणि ओठ हलवले. मग बसले. माझ्याकडे पाहिलं नाही. धुळीत गाडी वरोऱ्याच्या रस्त्याला लागली.

वही मी नागपूरच्या गाडीत उघडली. शेवटच्या भरलेल्या पानावर बुढीच्या चाचणीची नोंद होती. तिच्याखाली, त्याच सुबक अक्षरात, आणखी एक.

दौलत थूल यांच्या सेवेबाबत पत्र. निघाले : बुधवार. पोचले : शनिवार, हिंगणघाट पोस्टाचा शिक्का पाकिटामागे आहे. नोंदले : गुरुवार. शेरा : वरून गेले.

पाकिटामागचा शिक्का. दहा वर्षं टपाल हाताळून पाकीट उलटं करून पाहायचं माझ्या डोक्यात आलं नाही. सगळ्या जगावर संशय घेणारा मी.

ते पुढे कुठे गेले मला माहीत नाही. मी पत्र लिहिलं नाही. लाज वाटली, आणि भीतीही वाटली, दोन्ही. मी बडेबाबू होऊन निवृत्त झालो. बुढीची एकही नोंद मी केली नाही. ती कामाला लागल्याचं वाचलं, पण वही काढायचा धीर झाला नाही. त्या पानावर उजव्या कडेला छापील रकाना आहे, पडताळणी करणाऱ्याची सही. थूलबाबूंनी तो कोरा ठेवला होता. सही नाही म्हणजे घडलंच नाही, हे ते मलाच सांगून गेले होते.

आज सकाळी वही काढली आणि त्या नोंदीसमोर सही केली. पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला : तत्कालीन आवक-जावक कारकून. खाली आजची तारीख टाकली.